पाठीच्या गोळ्या आणि घोडीचं दूध

१२ जून
ही वही मार्चमध्ये घेतली. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तर थंडी होती. खरं म्हणजे पहिल्याच पानाची लाज वाटत होती. लिहूनच टाकतो. पाठीच्या सुजेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून बायकोशेजारी मी नुसता झोपतो. चोल्पोन आधी हसायची. आता विचारते, दुसरी कोण?

१३ जून
डॉक्टरीणबाईंना विचारायला गेलो. नंबर आला. तोंडातून निघालं, खोकला येतो. खोकल्याचं औषध मिळालं. चव चांगली आहे.

१५ जून
प्लॅन पक्का. गोळ्या बंद. वर कुरणावर आठवडाभर घोडीचं ताजं दूध. आजोबांना त्याच दुधावर नऊ पोरं झाली. घरी सांगितलं, घोडा बघायला जातो. चोल्पोन म्हणाली, घोडा बघ नाहीतर घोडी, मी चालले आईकडे. म्हणजे फारशी रागावलेली नाही.

१६ जून, सकाळ
कुरणावरच्या म्हाताऱ्या बुरुल आपांच्या तंबूत मुक्काम. आल्या आल्या तीन वाडगे. आपा म्हणाल्या, दमानं पी रे बाबा, पोटाला सवय नाही. म्हातारी माणसं घाबरट.

दुपार
सात वेळा टेकडीमागे धावलो. पण धावलो! पाठ सुधारतेय.

१८ जून
आत काहीतरी हललं. रिझल्ट! (भूक होती.) पलीकडच्या कुरणावर घोड्यांची शर्यत लागली, बघत बसलो, दूध राहिलं. उद्या डबल.

२० जून
पाठीची फळी झालीय. मोजे आपांनी चढवले. गोळ्या बंद केल्याचं सांगावं लागलं. का सोडल्यास, विचारलं. म्हणालो, खोकल्यामुळे. म्हणाल्या, गाढवा, बायकोशी तरी बोललास का? बरा झालो की बोलेन.

२१ जून
झोपूनच लिहितोय. आपा म्हणतात, पोरगी कायमची माहेरी राहिली तर दूध कुणासाठी पितोस? पटलं. उद्या घोड्यावरून थेट सासुरवाडी. चोल्पोनला सगळं सांगायचं. वाक्यं तयार आहेत.

बाहेर जीप थांबली. चोल्पोनच!

नाही. सासूबाई. एकट्या. अख्ख्या कुरणाला ऐकू जाईल अशा आवाजात आपांना सांगतायत : पोरगी रडून रडून दुसरी बाई शोधत होती, शेवटी तिनं गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचला. तो घेऊन मीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, औषध बदलून बघता येईल, पण त्यानं येऊन तोंड उघडायला हवं.

मला उठता येत नाहीये. पडदा उचलून सासूबाई आत आल्या. विचारतायत, जावईबापू, खोकला कसा आहे?