फळीवरच्या दोन वाट्या

४ जून
दातांच्या डॉक्टरने खुर्चीत बसवलं. "आ करा," म्हणाला. मी आधी सांगितलं — एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत. झालं! यंत्र बिघडलं, मदतनीस रजेवर गेली, सगळं एका क्षणात. खरं बोलायची हौस फिटली. नवरा न सांगता मला हे देऊन मेला, तो अजून देवमाणूस!

११ जून
सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नंबरलाच घेतलं. उरलेले हलते दात काढले. "हिरड्या भरल्या की कवळीचं माप घेऊ. तोवर मऊ खा." मऊ! वर्षभर दुसरं काय खातेय?
शिवणाच्या दुकानात बाकीच्या बायका दाताने दोरा तोडतात. मी कात्री शोधत बसते.

९ ऑगस्ट
माप झालं. तोंडभर गार लगदा. ओकारी आली.

२ सप्टेंबर
कवळी मिळाली! आरशातली बाई ओळखीची वाटली.
"रात्री काढून पाण्यात ठेवायची. नाहीतर तोंडात बुरशी धरेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आईची कवळी न्हाणीघरातल्या फळीवर वाटीत असते. शेजारी माझी वाटी ठेवली. वहिनीने ती चिमट्याने उचलून परसातल्या नळापाशी नेऊन ठेवली. "मुलं आहेत घरात, ताई." दादा पेपरात तोंड खुपसून बसला. माझं आपलं तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

४ सप्टेंबर
डॉक्टरीणबाईंनी दादाला फोनवर समजावलं, थुंकीने हा आजार होत नाही. दादा "हो, हो" म्हणाला. वाटी नळापाशीच. पालथ्या घड्यावर पाणी!

१० सप्टेंबर
दादाने माझ्यासाठी खोली बघितली. एकटीपुरती. "तुझ्याच सोयीसाठी गं." रविवारी जायचं म्हणे.
सगळ्यांत जास्त राग आईचाच आला. दिसत नाही तिला, पण ऐकू येतं ना! पोटची पोर घराबाहेर चालली आणि ही ताटातलं चिवडत बसली. मला रडूही येईना.

१३ सप्टेंबर, शनिवार
सकाळी आई जेवणाच्या टेबलाशी आली ती माझी कवळी तोंडात घालून! ओठ मिटेनात. वहिनी किंचाळली. आईने कवळी काढली, तळहातावर चाचपली. "अगंबाई, ही हिची होय? दिसत नाही गं मला."
दादा पांढराफटक. "आता काय करायचं?"
"काय करणार? मीही बाटले. उद्या हिच्याबरोबर मलाही पोचव त्या खोलीत."
आईला बाहेर काढलं तर लोक शेण घालतील तोंडात! दादाने दुपारीच खोलीवाल्याला नाही म्हणून कळवलं. वाटी परत फळीवर आली. वहिनीने नाही आणली, मीच आणली. जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. म्हातारीच्या चुकीने राहिले मी या घरात, कुणाच्या मायेने नाही.

१४ सप्टेंबर
आईचे पाय चेपताना म्हटलं, "माझी वाटी जरा लांब ठेवते. पुन्हा चुकशील."
ती बोळक्या तोंडाने हसली. "वेडी आहेस. परसातल्या नळापर्यंत, भिंत धरधरून, कुणी चुकून जातं का गं?"