डावीकडेच वळणारा ट्रॅक्टर

आप्पा, समोरच्या सोसायटीत आज गवत कापायचं मशीन आणलंय. एक माणूस ते ढकलत मागून चालतोय. मागून, चालत. तुम्ही असतात तर इथूनच हाक मारून विचारलं असतंत की बाबा रे, तुला बसायला जागा नाही का दिली. दहा मिनिटांत ते बंद पडलं आणि त्याने सरळ खिशातून फोन काढून कंपनीला लावला. झाकण उघडून आत डोकावलासुद्धा नाही. मला असा राग आला की हातातला चहा तसाच राहिला आणि मी तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, तेव्हा घाईचं काम आहे असं नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती सांगायची तर बोकडापासून सुरुवात करायला हवी.

बोकड हे नाव कारखान्यातल्यांनी ठेवलेलं. आग्रा रोडवरच्या आपल्या कारखान्यापुढे होती एवढी हिरवळ त्या काळी सबंध मुलुंडात दुसरी नव्हती. आधीच्या गोऱ्या साहेबाने ती वाढवली, तिच्यासाठी बोटीने तो बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर मागवला, दोन वर्षं टोपी घालून स्वतः चालवला आणि मायदेशी जाताना इथेच टाकून गेला. पोटाखाली गरगरणारं पातं, वर लोखंडी खुर्ची, पुढे शिंकणारं इंजिन. त्याचं करायचं काय हे कुणालाच कळेना, म्हणून ते मेंटेनन्सच्या फिटरच्या, म्हणजे तुमच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून घरात आपण तिघं होतो ते चौघं झालो, आणि लाडाच्या बाबतीत मी चौथी.

त्याचे सुटे भाग इथे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्हीही कधी मिळतील अशी आशा धरली नाहीत. पातं फिरवायला पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा, ठिणगीला स्कूटरचा प्लग, खुर्चीखाली सायकलच्या सीटची स्प्रिंग. कार्ब्युरेटर तुंबला की आईच्या स्टोव्हची पिन गायब. एकदा तिच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा गेला तेव्हा मात्र ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता माका बसवा तेच्यार," ती म्हणाली, "नि त्या बोकडाक हय आणून रांधूक लावा." तुम्ही पट्ट्याची लांबी मोजत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुजा वजन झेपाचा नाय तेका." त्या रात्री तुम्हाला आमटी मिळाली नाही, आणि मला हसल्याबद्दल मिळाली नाही.

मग एका सकाळी स्टेअरिंग गेलं. तुम्ही चाक फिरवताय, ते नुसतं गरगर फिरतंय आणि बोकड आपला सरळ निघालाय, कँटीनच्या भिंतीपर्यंत. तुम्ही आडवे होऊन त्याच्या पोटाखाली शिरलात आणि बाहेर येऊन म्हणालात, दात गेले. पुढची चाकं वळवणारी एक दातेरी पट्टी असते, हातपंखा अर्धा उघडावा तशी दिसणारी. तिचे काही दात झिजलेले, बरेच तुटलेले, धड असे चार उरलेले. माणसाचं असतं तर कवळी बसवली असती.

एरवी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट. पण त्याच वर्षी तुम्हाला अठ्ठावन्न पूर्ण होत होती आणि आपली खोली कंपनीची होती. तीन महिन्यांनी विलायतेहून मोठे साहेब यायचे होते, आणि फाटकातून आत आलं की पहिली दिसायची ती हिरवळ. परचेसचे मॅनेजर, ज्यांच्या हाताखाली मी टायपिस्ट होते, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळच सांगितलं. यंत्र चालू राहिलं तर ते सांभाळायला तुझ्या वडिलांना दोन वर्षं वाढवून मागता येतील. नाही राहिलं तर गवत कंत्राटदाराकडे जाईल, वडील घरी आणि खोली खाली करायची. घरी म्हणजे कुठल्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी एक वाटही दाखवली. परदेशातून भाग मागवायला सरकारी परवाना लागे, आणि परवान्याला एक दाखला: हा भाग इथे तयार होऊ शकत नाही. खाली वर्कशॉपच्या माणसाची सही. भाग यायला वर्ष लागलं तरी चालेल, अर्ज गेला एवढं दिसलं की मी तुझ्या वडिलांचं नाव लावून धरतो, ते म्हणाले. मी दाखला टाइप केला, घरी आणला, तुम्हाला मराठीत समजावून सांगितला. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत लावलात, आणि कागद माझ्याकडे सरकवलात. "होवचा नाय असां मी लिवन देवचंय नाय."

"आप्पा, नुसता कागद आहे तो. सगळे देतात."

"देऊदेत सगळे."

मी भांडले, रडले, खोलीच्या चारी भिंती बोट करून दाखवल्या. तुम्ही तीन दिवस त्या कागदाला हात लावला नाहीत. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात कुणी नव्हतं, तेव्हा मी तुमची सही केली. सोपी होती हो तुमची सही, एक आडवी रेघ आणि वर दोन डोंगर. पहिल्याच फटक्यात जमली, तुमच्यापेक्षा सुबक. अर्ज गेला.

तुम्हाला ह्यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही दर रविवारी मला घेऊन कुर्ल्याला भंगारवाल्यांकडे निघालात, हातात कागदावर काढलेलं त्या पट्टीचं चित्र. एक भंगारवाला चित्र उलटंसुलटं करून विचारतो, "चाचा, ये किस का है?" तुम्ही म्हणता, घास काटने के ट्रॅक्टर का. तो मनापासून हळहळतो. "घास के लिए ट्रॅक्टर? बकरा पालो ना चाचा." आणि तुम्ही तितक्याच गंभीरपणे, "बकरा ही है. दात टूटा है उसका." त्याने तुम्हाला काय समजून बाकड्यावर बसवलं आणि चहा पाजला कोण जाणे, पण निघताना लॉरीच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, एक जाड तुकडा शोधून दिला. तो तुम्ही घरापर्यंत छातीशी धरून आणलात.

आता दाताचा साचा हवा. आई भाकऱ्या करतेय, परातीत तांदळाचं पीठ उकड काढून मळलेलं आहे. तुम्ही जुनी पट्टी रॉकेलने धुतलीत, दोनदा साबण लावलात आणि आईची पाठ वळताच त्या पिठात दाबलीत. चार धड दात नीट उमटले. तुम्ही त्यावरून कागद कापून घेतलात आणि पीठ होतं तसं लिंपून ठेवलंत. पण आई काय ओळखणार नाही? तिने तोच गोळा थापला, भाजला आणि तुमच्या ताटात वाढला. भाकरीच्या कडेला ओळीने चार दातांचे वळ. "खावा," ती म्हणाली. तुम्ही ती सबंध खाल्लीत, रॉकेलसकट, आणि बरी झालीय म्हणालात.

पुढचे कित्येक दिवस संध्याकाळी स्वयंपाकघरात कानशीचा आवाज. पोलादाचा तुकडा दोन पायांत धरून तुम्ही एकेक दात घासत होतात, कागद लावून बघत होतात, परत घासत होतात. साहेब यायच्या आदल्या आठवड्यात पट्टी बसली. आणि मग कळलं की कमानीचा तुकडा तेवढाच होता. सरळ जायला आणि डावीकडे वळायला पुरतील एवढे दात झाले होते. उजवीकडे वळायला दातच नव्हते. मी कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "उजवीकडे आसा काय?"

म्हणून तुम्ही हिरवळ गोल गोल कापायला लागलात, कडेपासून आत, डावीकडे, डावीकडे. चांगलं चाललं होतं, पण हिरवळीच्या मधोमध तो शेंदूर फासलेला दगड होता. कारखान्याआधी तिथे शेतं होती, त्या शेतांचा देव. दुसऱ्या दिवशी अख्खं कँटीन बोंबलत होतं की म्हातारा देवाला उलट्या प्रदक्षिणा घालतोय, आता कंपनीची वाट लागली. माळी तर कामावर यायला तयार नाही. तुम्हाला स्वतःलाही ते लागलं होतं. रात्री जेवताना घास हातात धरून बसला होतात. सकाळी तुम्ही गेलात, गोल कापून झाल्यावर दगडापाशी थांबलात, पातं बंद केलंत आणि स्टेअरिंग तसंच डावीकडे ठेवून बोकड रिव्हर्समध्ये टाकलात. मान मागे वळवून, उलटं जात, सुलटी प्रदक्षिणा. कँटीनवाले टाळ्या वाजवत होते. माळी कामावर आला.

साहेब आले तेव्हा मला दुभाषी म्हणून उभं केलं होतं. ते बराच वेळ त्या गोलांकडे बघत राहिले. आमच्याकडे सगळे सरळ पट्टे कापतात, ह्याने असं का कापलं, त्यांनी विचारलं. तुम्ही टोपी काढून म्हणालात, "सांग तेका, उजवीकडे वळणा नाय म्हणान." मी साहेबांना सांगितलं की गोल कापल्याने गवताला चारही बाजूंनी सारखं ऊन मिळतं असं ह्यांचं म्हणणं आहे. साहेबांनी मान डोलावली. एवढ्यात तुम्ही रिव्हर्समध्ये फिरायला लागलात. आणि हे, त्यांनी विचारलं. हा शेवटचा हात, मी म्हटलं. मॅनेजर माझ्याकडे असे बघत होते की अजून आठवलं तरी घाम फुटतो. साहेबांनी फोटो काढून नेला. तुम्हाला दोन वर्षं मिळाली, खोली राहिली, आणि तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत की गोरा माणूस खरं बोललं की खूश होतो.

पार्सल वर्षभराने आलं. मॅनेजरांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, वडिलांना दे म्हणाले. वरच त्या दाखल्याची प्रत टाचलेली, आणि तिच्यावर ते दोन डोंगर. मी ते खालच्या ड्रॉवरमध्ये फायलींमागे ढकललं. महिन्याने त्यांनी विचारलं, बसवला का. बसवला, मी म्हटलं. मग अजून गोल का कापतात? साहेबांना गोल आवडतं ना सर.

आणि मग तो शनिवार. हाफ डे संपलाय, कारखाना रिकामा झालाय. तुम्ही मला हिरवळीच्या कडेला उभं केलंत आणि बोकडावर बसलात. कुठून तरी कमानीचा दुसरा तुकडा पैदा करून, मला नि आईला पत्ता लागू न देता, तुम्ही उरलेले दात करून जोडले होते. तुम्ही दगडापाशी गेलात, स्टेअरिंग उजवीकडे फिरवलंत आणि तोंड पुढे करून, नीट माणसासारखी, एक सुलटी प्रदक्षिणा घातलीत. माझ्यासमोर येऊन इंजिन बंद केलंत. "बघलंस?" तेवढंच. सोमवारपासून परत डावीकडे, कारण साहेबांना गोल आवडतं. मी त्या दिवशी तुम्हाला सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. तुम्ही इतके खूश होतात की मी, भूक लागलीय, चला, एवढंच म्हटलं.

नोकरी सोडताना ड्रॉवर रिकामा केला तेव्हा पार्सल उघडलं. तुम्ही तोवर गेला होतात. आत तेलकट कागदात एक चकचकीत पट्टी, आपल्या बोकडाला कुठूनच न बसणारी, आणि एक चिठ्ठी: जुना भाग आता आम्ही बनवत नाही, सुधारित भाग पाठवत आहोत, तो बसवण्यासाठी पुढचा सांगाडा बदलून घ्यावा. मी एकटीच इतकी हसले की शिपाई बघायला आला. ज्यांनी ते यंत्र जन्माला घातलं त्यांच्याकडेही तो भाग होत नव्हता, आप्पा. मग हसता हसता रडूच आलं.

जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, प्रत्येकावर जावक नंबर टाकला. ह्याच्यावर टाकायला नंबर नाही, तेव्हा घडी घालून कपाटात ठेवते. सही मी केली हे तर सांगून झालं, आणि त्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. खोलीसाठी केली, आईसाठी केली, परत वेळ आली तर परत करीन. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सही करायच्या आधी मी तो कागद पुन्हा एकदा वाचला होता. हा भाग इथे तयार होऊ शकत नाही. सही तेवढी खोटी होती, आप्पा. वाक्य मला खरं वाटलं होतं.