दगड हलवले आहेत

कोल्हापूर,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आपा,

अस्सलामु अलैकुम. अम्मीची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात, पण बाजार स्वतः करते. दुल्हाभाईंना सलाम.

महिनाअखेरीला तुम्ही दोघं पुण्याहून परत येताय, पुढची खोली रिकामी करून ठेव, असं तू म्हणालीस. मी 'हो' म्हणाले. फोनवर मी 'हो'च म्हणते. म्हणून लिहिते आहे.

आधी माशांच्या टाकीबद्दल. जाताना दुल्हाभाईंनी काचेवर कागद चिकटवला होता : खाणं एकदाच, दिवा सहा तास, दगड हलवू नयेत. सगळं पाळलं. तरी शेवाळ आलं. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट टाकीवर पडतं. काच हिरवी, दगड हिरवे. आत मासे आहेत हे फक्त हालचालीवरून कळायचं. मी खिडकीला जुनी चादर लावली. दर रविवारी थोडं पाणी बदललं. काच घासली. दगडांवरचं मात्र जाईना. शेवटी सगळे दगड बाहेर काढले, बादलीत घासले, परत ठेवले. कुठला कुठे होता ते लक्षात राहिलं नाही.

तो निळा मासा आठवतो? त्यानं पिवळीची शेपटी फाडली, तेव्हा ती तीन दिवस वरच्या कोपऱ्यात पडून होती. दुल्हाभाई पाहुण्यांना म्हणायचे, "बघा कसा राज्य करतोय." तू हसायचीस.

दगड बदलल्यावर तो फिल्टरमागे जाऊन बसला. रंग उतरला. मरतो की काय म्हणून मी चमनभाईंच्या माशांच्या दुकानात गेले.

"काय होत न्हाय त्येला," ते म्हणाले. "जुनी जागा हुती तवर दादा. आता त्येला त्येचं घरच गावंना की."

घरी येऊन पाहिलं, निळा फिल्टरमागेच होता.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याला गेले. मुजावरांचा अझीम तिथं शाळेत शिकवतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला मागणी घातली होती आणि अचानक नको म्हणाले होते. शाळेच्या फाटकाशी उभं राहून मी कारण विचारलं.

"तुमच्या आपांनीच आईला फोन केलता," तो म्हणाला. "तुम्हाला फिट येतात म्हणून."

आपा, मी नऊ वर्षांची होते. ताप होता. एकदाच आली. तेव्हा मला मांडीवर घेऊन तूच बसली होतीस.

त्याला मी तेवढंच सांगितलं.

"एवढंच व्हय?"

"एवढंच. मग दोन वर्षं गप्प का बसलात?"

"तुमी तरी कुठं विचारलं?"

मी लग्न होऊन गेले असते तर अम्मीचं तुला करावं लागलं असतं. बाकी कारण मला सापडत नाही. तुझ्याकडे असेल तर लिही.

मग त्याची आई अम्मीकडे येऊन गेली आणि शुक्रवारी आमचा निकाह झाला. अम्मीनं विचारलं, "आपाला कळवलंस?" मी म्हणाले, शेवाळ गेलं की कळवते. काल काच स्वच्छ झाली.

पुढच्या खोलीत आता आम्ही दोघं राहतो. तुझं कपाट माडीवर नेलं आहे, मी सहा वर्षं झोपले त्या जागी. तिथला पत्रा दुपारी तापतो. पंखा काठीनं ढकलून सुरू करावा लागतो. काठी दाराआड आहे. घर अम्मीचं, म्हणून तिला विचारूनच केलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथं. तिलाबी कळू दे."

निळा आता खाण्यापुरता बाहेर येतो. पिवळीची शेपटी भरून येते आहे. दुल्हाभाईंना सांग, तो कागद मी फाडून टाकला.

या. दाराला कडी नसेल.

तुझी धाकटी,
मुबशिरा अझीम मुजावर