दऱ्याच्या वस्तीचा रस्ता

सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२४

ती. दादा व आई यांना अपेक्षाचा नमस्कार, वि. वि.

आम्ही दोघं खुशाल. वस्तीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून पत्र. मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच हे आपलं ठरलेलं, पण ह्यांचं मन घेईना. टॉवेलच्या कारखान्यातनं आले की रोज तेच म्हणतात, तुझ्या वस्तीचं नाव ना नकाशात, ना कुठल्या पंचायतीच्या पाटीवर. अडीनडीला गाडी बोलवायची तर सांगायचं काय? आता त्यांनी अट घातलीय. त्यांचा मित्र गुरु जीप घेऊन निघणार. कुणाला न विचारता, नुसतं तुमचं पत्र वाचून दारात पोचला तर मला पाठवणार. म्हणून रस्ता नीट लिहा, दादा. सगळं तुमच्याच हातात आहे की.

आईला पापी द्या माझी.
तुमची अपेक्षा

दऱ्याची वस्ती, १२ फेब्रुवारी

चि. सौ. अपेक्षाला दादाचे लई लई आशीर्वाद.

तुझं पत्र डांबरीवरच्या शिवप्पाच्या टपरीत मिळालं. जावईबापूंना सांग, वस्ती सरकारला गावली न्हाय म्हणून काय ती हरवली न्हाय. दोन डोंगरांच्या मधी अकरा घरं, मधनं ओढा. अल्याडची घरं एका गावाच्या हद्दीत, पल्याडची दुसऱ्या. दोन्ही गावं म्हणत्यात, ही आमची न्हायती.

आता रस्ता. टपरीपासनं म्होरं आलं की चिंचेपाशी डावीकडं वळायचं. बसव्वाच्या कोठ्यापाशी दोन वाटा फुटत्यात, वरची धरायची. पांढऱ्या दगडाला वळसा घालून ओढ्यात उतरायचं, चढलं की आपलं घर. आंधळाबी यील. आईनं बाळंतिणीची खोली सारवून ठिवली.

जिवाला जप.
तुझा दादा

सोलापूर, २५ फेब्रुवारी

ती. दादांना नमस्कार, वि. वि.

रागावू नका, पण आंधळाच पोचला असता. गुरु तीन तास फिरून शेजारच्या खोऱ्यात निघाला. तिथल्या लोकांनी जेवू घालून परत पाठवला त्याला. दादा, चिंच कुठाय? मी चौथीत असताना ती वठली आणि तोडली. बसव्वाचा कोठा पडून दहा वर्षं झाली, पांढरा दगड खडीला गेला. गंमत म्हणजे तुमचं पत्र वाचताना मलाही सगळं जागच्या जागी दिसत होतं, एकदाही शंका आली नाही.

हे हसले नाहीत. आता विषय नको म्हणाले. भाकरी थापताना रडू आलं मला. मला भीती वाटते दादा, आईजवळ असावंसं वाटतं.

माया राहू द्या.
अपेक्षा

दऱ्याची वस्ती, १० मार्च

चि. सौ. अपेक्षाला आशीर्वाद.

लई लाज वाटली. चिंचंवर कुऱ्हाड मीच घातली व्हती, तरी लिवताना चिंचच आली. मग घराघरातनं माणूस मागितला आन् वळणावळणावर एकेक बसवला. बजाकाकू पंच्याऐंशीची, तीबी डोक्यावर पोतं घिऊन बसली. टपरीवरनं फोन करून गुरुला पुन्यांदा बोलावलं. गडी सरळ दारात आला, च्या पिला. जितलो म्हणलं.

तुझी आई मातुर म्हणली, गाडी आली खरी, पर पोटुशी बाई तिच्यात जाणार कशी? मागं आडवं पडून बगा एकदा. पडलो. गुरुला म्हणलं, डांबरीपातुर ने. ओढ्यातच समदे देव आठवले. डांबरीला पाऊण तास, तितनं दवाखाना आनखी तासभर. दोन दिस पाठ टेकवता आली न्हाय. पोरी, जावईबापूंचंच खरं हाय. तू येऊ नगंस.

आई गुरुवारच्या एसटीनं तुझ्याकडं येती. डिंक, आळीव, जुन्या लुगड्याची दुपटी समदं बांधलंय. बाळंतपण हून सव्वा महिना हुईस्तवर तितंच ऱ्हाईल. हितं भाकरी मी थापीन, करपल्या तर करपल्या.

तुझ्या गाडीलाबी असंच बसायचं ठरलं व्हतं, त्या वळणावरच्या माणसांना आता बसू नगा म्हणून सांगाय गेलो. बजाकाकूनं नुसता माझा हात धरला. मग माझंबी डोळं भरलं. तू जन्मलीस तवा तुझं रडणं मी ओढ्यापल्याड ऐकलं व्हतं, आन् नातवंडाचंबी तसंच ऐकावं अशी लई हाव व्हती. ती हाव सोडली, बाळ. तू तेवढी धड ऱ्हा.

जावईबापूंना माझा रामराम सांग, आन् आईला इष्टँडवर घ्याय येळंवर जावा.
तुझा दादा