पुढून उघडणारे फ्रॉक

इंदोरा, नागपूर
५ जानेवारी १९७४

ती. कुसुमताईस,
धाकट्या पमीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नकोस. इथे थंडी जोरात आहे. ह्यांची मिलमध्ये रात्रपाळी चालू आहे, सासूबाईंचे गुडघे धरलेत. एवढी खुशाली सांगून मुद्द्याचं लिहिते, कारण आता नाही लिहिलं तर लिहिणं होणारच नाही.

विशाखाचं पोट दुखायचं ते जंतामुळे असेल म्हणून आम्ही दोनदा औषध दिलं. दुखणं थांबलं नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं, फोटो काढला. उजव्या बरगडीखाली गाठ आहे. कसली आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाठ केवढी आहे असं ह्यांनी विचारलं, तर डॉक्टरांनी संत्र्याएवढी म्हणून सांगितलं. पोरीने तेवढंच ऐकलं. आता साऱ्या गल्लीत सांगत फिरते की माझ्या पोटात संत्रं आहे, बियांसकट गिळलं मी. सगळी हसतात, मीही हसते आणि मोरीत जाऊन उभी राहते.

पंधरा-वीस दिवस राहायच्या तयारीने या, असं सांगितलं आहे. तयारी म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, लागेल ते आणा. काल पिशवी काढून बसले, एक टॉवेल ठेवला आणि पुढे हातच चालेना.

ताई, हे तुला विचारू नये एवढं मला कळतं. मिलिंद जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून तू कामठी सोडून नागपुरात पाऊल टाकलं नाहीस, आणि आम्हीही कधी तो विषय काढला नाही. पण लेकराला घेऊन त्या वॉर्डात राहिलेली आपल्या गोतात तू एकटीच आहेस. दुसऱ्या कोणाला विचारू? नाही लिहावंसं वाटलं तर नको लिहूस, मी समजेन.

श्रीधर दाजींना जयभीम. मायेत कमी करू नकोस.

तुझी
पमी


कामठी
९ जानेवारी १९७४

चि. सौ. प्रेमिला हिस,
कुसुमचे पोटभर आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. विचारलंस ते बरं केलंस. तुझं सामान बांधणं मला माहीत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जाताना रिबिनीचा डबा घेतला होतास आणि नेसायची लुगडी इथेच विसरली होतीस. दाजी सायकलवर घेऊन धावले होते मागून. म्हणून आता नीट वाच.

भांडी फार नेऊ नकोस, चोरीला जातात. झाकणाचा एक तांब्या, दोन वाट्या आणि जर्मनचा एक जुना गंज घे. शुद्धीवर येताना लेकरं ओकतात, तेव्हा तोच कामी येतो. जुन्या सुती लुगड्याचे मऊ तुकडे धुऊन, वाळवून ने, जेवढे नेशील तेवढे कमीच पडतील. सगळे लेकराचं बांधतात आणि आईचं विसरतात. वॉर्डाबाहेरची फरशी बर्फासारखी असते. तुझ्यासाठी वेगळी गोधडी आणि सतरंजी घे. तू आजारी पडलीस तर तिच्याजवळ कोण बसेल? स्टोव्ह नको. वसंतरावांनी घरून डबा आणावा.

पिशवी खाटेच्या पायाला सुतळीने बांधून ठेव. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून तिला पाणी देणार नाहीत, तेव्हा तिच्यासमोर तूही पिऊ नकोस. भेटायला येणारे संत्री आणतील, ती लगेच बाहेर पाठव. डोक्यावरून घालायचे फ्रॉक नेऊच नकोस. टाके घातल्यावर हात वर होत नाहीत. मिलिंदचा सदरा कात्रीने कापावा लागला होता, आणि तो त्याच्या आवडीचा होता म्हणून रडला. मी पुढून उघडणारे, बंदांचे फ्रॉक शिवून पाठवते. दुकानातून नवं फुलाफुलांचं कापड आणलं आहे.

आणखी एक. तिच्या चपला घे. खाटेवरच तर राहायचं आहे, चपला कशाला, असं मनात येईल. माझ्याही आलं होतं. तू घे.

तिला ऑपरेशनचं काय सांगायचं ते मला विचारू नकोस. ते मला तेव्हाही जमलं नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांना मोहाचं तेल कोमट करून लाव. सगळ्यांना जयभीम. पोरीच्या केसांवरून माझा हात फिरव.

तुझी
ताई


इंदोरा, नागपूर
१६ जानेवारी १९७४

ती. कुसुमताईस,
पमीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तू लिहिलंस तसं सगळं बांधलं. परवा सकाळी रिक्षात वळकटी, दोन पिशव्या आणि मध्ये विशाखा असे निघालो. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. रंभाबाईंनी तर डोळ्याला पदर लावला, मला त्यांचा राग आला. दवाखान्यात दुपारपर्यंत बाकावर बसवलं आणि मग सांगितलं की खाट रिकामी नाही, पत्र पाठवू तेव्हा या. तीच वळकटी घेऊन परत आलो. विशाखाला वाटलं, झालं, बरी झाली. उड्या मारत घरात शिरली.

आता पिशव्या दाराशी पडून आहेत. रोज त्यातलं काहीतरी लागतंच. टॉवेल काढते, धुते, परत ठेवते. वाटी काढते, परत ठेवते. कोणी पिशवी हलवली तरी मी धावत येते. हे पाळीवरून आले की आधी दाराकडे बघतात आणि मग माझ्याकडे. काल नुसते वळकटीवर बसून राहिले.

तुला लिहिलं हे सासूबाईंना कळलं. पार्वतीबाई जिभेच्या कडक असल्या तरी आतून वाईट नाहीत, तुला ठाऊक आहे. पण म्हणाल्या, ‘तिले काहून विचारून राहिली वं? तिच्या हातचे कपडे नको घालू पोरीले.’ पुढचं बोलल्या नाहीत, पण मला समजलं. मी म्हटलं, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आपल्या घरात हे कुठून आलं? त्यावर त्या म्हणाल्या, ‘प्रतिज्ञा घेतल्या म्हणून भेव थोडंच गेलं माह्यं.’ आणि रडायला लागल्या. मी भांडायला उभी राहिले होते, मला भांडताही आलं नाही.

हे मी तुझ्यापासून लपवू शकले असते. पण तू कपडे पाठवशील आणि मी ते नेले नाहीत तर खोटं बोलावं लागेल, तेवढं बळ आता नाही.

ताई, त्या दिवशी तू येशील का? आत येऊ नकोस, नुसती आवारात ये. तू तिथे आहेस एवढं कळलं तरी पुरे.

लोभ आहे तो असाच ठेव.

तुझी
पमी


कामठी
१९ जानेवारी १९७४

चि. सौ. प्रेमिला हिस,
ताईचे आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

दाजींबरोबर फ्रॉक पाठवले आहेत. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांची भीती मला समजते, कारण शिवताना मलाही वाटून गेलं की मी शिवावे की नाही. शेवटचा बंद लावायला शेजारच्या यमुताईला दिला. तू मला हसशील. नाही वापरले तर वॉर्डात कोणाच्या तरी अंगाला होतील, कपडा वाया जात नाही.

मला बोलावू नकोस पमे. मागे एकदा लग्नाला म्हणून निघाले होते. बस कन्हानच्या बाजूने आली, मी चढले, बसले, आणि नागपूरचं तिकीट मागायला तोंडच उघडेना. कंडक्टरने दोनदा विचारलं. पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी आले. तू तिथे एकटी असशील आणि मी इथे मशीनवर बसलेली असेन. ही कसली थोरली बहीण, असं वाटतं. पण वाटून काही होत नाही.

निरोप कळवत राहा. तुम्हा सर्वांची,

ताई


वॉर्डातून, नागपूर
१ फेब्रुवारी १९७४

ती. कुसुमताईस,
पमीचा जयभीम, वि. वि.

झालं. बुधवारी ऑपरेशन झालं. विशाखा आहे. हे आधी लिहिते म्हणजे तू पुढचं स्वस्थ वाचशील.

गाठ पाण्याची निघाली. कुत्र्यांपासून पोटात काही जातं, त्याने होते म्हणे. आतल्या आत फुटली असती तर कठीण होतं. अख्खी काढली. मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरले.

तिला मी शेवटपर्यंत खरं सांगू शकले नाही. सकाळी नर्सबाई न्यायला आल्या तेव्हा संत्रं काढायचं आहे एवढंच म्हटलं. ती नर्सबाईंचं बोट धरून चालत गेली, ताई. मला वाटलं होतं उचलून नेतील, रडेल, हात सोडवावा लागेल. ती वळलीसुद्धा नाही. दारापाशी नर्सबाईंना विचारत होती की काढल्यावर ते मला परत देणार ना. मग दार लागलं. मी त्या दारासमोर उभी होते. बसा म्हणून सांगितलं तरी बसता येईना. हे जिन्यात विड्या ओढत होते. सासूबाई तर म्हणाल्या, ‘मी भायेर जातो, मले इथं गुदमरून राहिलं,’ आणि गेल्या त्या पार ती बाहेर येईस्तोवर फिरकल्याच नाहीत. मला फार राग आला त्यांचा. अशा वेळी एकटीला टाकून जावं का?

खरं सांगू, तुझाही आला. येणार नाही असं तू कळवलं होतंस, तरी मी खिडकीतून फाटकाकडे बघत होते.

ती आता पाणी मागते. चमच्याने ओठ ओले करू देतात, तेवढंच. अजून ताप आहे. ताप का आहे, ते सांगत नाहीत. टाके दुखतात तेव्हा माझ्याकडे अशी बघते, जणू मीच थांबवू शकते आणि थांबवत नाही.

एक नवल सांगायचं राहिलं. तुझे फ्रॉक मी घरीच ठेवून आले होते, मला माफ कर. काल सकाळी सासूबाई घरून येताना ते पदराखाली घेऊन आल्या. स्वतःच्या हाताने एक तिला घातला, बंद बांधले. मी तोंडाकडे बघत राहिले.

तापाचं कळवीन. तोवर आठवणीत ठेव.

तुझी
पमी


कामठी
४ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. प्रेमिला हिस,
आशीर्वाद, वि. वि.

मी आले होते.

खाट मिळाली, ऑपरेशन बुधवारी ठरलं, हा तुमचा निरोप दाजींनी आणला होता. मंगळवारी रात्रभर डोळा लागला नाही. दाजी सकाळी म्हणाले, चल, मी सोबत येतो, तिकीट मी मागतो. त्यांनी मला आवाराच्या फाटकाशी सोडलं आणि चहाच्या टपरीवर थांबले. मी वॉर्डाच्या पायऱ्यांपर्यंत आले. तोच फिनेलचा वास. पुढे पाय उचलला नाही. कडुनिंबाखाली उभी होते, तेवढ्यात तुझ्या सासूबाईंनी पाहिलं.

मला वाटलं, आता हाकलतील. मी वळलेसुद्धा. तर गुडघे दाबत, लंगडत माझ्यामागे आल्या आणि म्हणाल्या, ‘जाऊ नको वं कुसुम. मले एकटीले भेव लागून राहिलं.’ आम्ही दोघी तिथेच मातीत बसलो. त्यांनी माझा हात धरला होता तो सोडलाच नाही. मधे एकदा म्हणाल्या, ‘तुह्या पोराच्या वेळेस तुह्याजवळ कोन होतं वं?’ मी म्हटलं, कोणी नाही, दाजी औषध आणायला गेले होते. त्यानंतर त्या नुसत्या रडत राहिल्या. चार वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. त्या तुला सोडून गेल्या नव्हत्या. तू त्यांना माझ्याकडे दिलं होतंस, तुला माहीत नव्हतं एवढंच.

मग वसंतराव जिन्यातून धावत आले, पोरगी बाहेर आली म्हणून ओरडले. सासूबाई माझ्या गळ्यात पडल्या. आता तुला वाटेल, मग ताई वर का आली नाही.

पमे, मला आनंद झाला नाही. खोटं नाही लिहीत. आधी काहीच वाटलं नाही आणि मग पोटातून राग उठला. तेच दार, तोच जिना, तुझी बाहेर आली, माझा का नाही? तुझ्यावर नव्हता तो राग. कोणावर होता ते सांगता येत नाही. तसलं तोंड घेऊन तुझ्या लेकराच्या खाटेशी कशी येऊ? मी सासूबाईंना, सांगू नका म्हटलं आणि निघून आले. बसमध्ये तिकिटं दाजींनीच मागितली.

तापाचं कळव. रोज वाट बघते.

ताई


वॉर्डातून, नागपूर
९ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
पमीचा जयभीम, वि. वि.

ताप उतरला. काल तिने मुगाचं पाणी घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं.

तुझं पत्र वाचलं. उत्तर दोनदा लिहून फाडलं. तुझ्या जागी मी असते तर बस धरून आलेही नसते, एवढंच कळतं. रात्री सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावलं. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत.

गुरुवारी सोडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, महिनाभर जिना चढू द्यायचा नाही. आमची खोली माडीवर, जिना तो असा उभा, आणि गल्लीत कुत्री. तुझं घर खाली आहे. सासूबाईच म्हणाल्या, ‘कुसुमले विचार.’ मी विचारावं की नाही ते मला ठरवता येत नाही. तुझ्या घरात महिनाभर एक लेकरू खेळेल, रडेल, हाका मारेल. तुला नसेल सोसायचं तर एका ओळीत नाही म्हण. माझ्या मनात काही येणार नाही. हे खालची एखादी दुसरी खोली बघतील.

काय ते लौकर कळव.

तुझी
पमी


कामठी
११ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. पमी हिस,
आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

घेऊन ये. सासूबाईंनाही आण.

मागच्या खोलीतली खाट उन्हात टाकली आहे. मला जमेल की नाही, सांगता येत नाही. एखाद्या दिवशी मी दार लावून बसले तर तू पोरीला अंगणात ने आणि मला हाक मारू नकोस. मी आपली आपण बाहेर येईन.

दाजी गुरुवारी सकाळीच फाटकाशी उभे राहतील. मी घरी थांबते.

ताई