रंगमंचाखालची मडकी

आबा, दुपार कलली आहे आणि तुमच्याखेरीज कुणाला विचारावं ते मला कळत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज गढीत पाऊल टाकताच तुमच्या लेकीच्या डोळ्यांनी आधी तुम्हालाच शोधलं. नाटकाच्या हस्तपत्रकाच्या पाठीवर लिहिते आहे. कोरा कागद खर्चवत नाही. तुमच्यामागे बंद पडलेला संगीत नाटकांचा उत्सव यंदा ह्यांनी पुन्हा उभा केला. गढीच्या मालकांनी बजावलं आहे, आज लोक उठून गेले तर उद्यापासून या चौकात कापसाच्या गाठी लागतील. व्यापारी तयारच बसला आहे. आणि सकाळच्या तालमीत पद तिसऱ्या रांगेपलीकडे गेलं नाही. नायिकेचं काम करणाऱ्या गवयाने गळ्याच्या शिरा ताणल्या. सतरंज्या उतरवणारा लोणखेड्याचा गाडीवान म्हणाला, "मिशी गई, संगे आवाज बी गया का रे भाऊ!" सगळे हसले. हे हसले नाहीत. खांबाला टेकून उभे राहिले, पोटात पाण्याचा घोट नाही. "आबांचं गाणं दरवाजापर्यंत जायचं ना गं?" एवढंच मला विचारलं.

जायचं. तो दिवस मला दिसतो. मी परकरात आहे. तुम्ही रंगमंचाच्या फळ्यांखालच्या खड्ड्यात कोरी मडकी मांडता आहात, तोंडं वर करून, आणि मी हौसेने एकात झेंडूची फुलं टाकते. तुम्ही खेकसता, "काढ ते! रिकामंच ऱ्हाऊ दे माय, तठेच सूर घुमस." मग माझे डोळे भरलेले बघून मला पार दरवाजाशी पाठवता: ऐकू आलं की हात वर कर. तुम्ही हलकेच एक सूर लावता आणि तो एवढ्या लांबून माझ्या कानाशी येऊन उभा राहतो. मी हात वर करते. तुम्ही हसता.

म्हणून आज मंडळी जेवायला गेल्यावर एक फळी सरकवून पाहिली. मडकी होती, ह्यांनी तुमच्यासारखीच मांडलेली. पण सगळी काठोकाठ भरलेली, वर हळदीकुंकू, आंब्याची पानं. मागे सासूबाई उभ्या. "शुभ कामले रिकामं भांडं कोन ठेवस? तापीमायनं पानी शे. मन्हा पोऱ्याले यश येवो म्हनीसन भरात मी." पाण्याने सूर मरतो, मी म्हटलं. "मॅट्रिकवाली! तुले बापनी सरस्वती दिधी, लक्ष्मीनी रीत नही दिधी." मग त्यांचा आवाज उतरला. "पूजेल शेतस, वहू. हात लावू नको." मीही त्यातलीच, आबा. घरात घागर कधी रिकामी ठेवली नाही, देवाजवळचा तांब्या तर नाहीच. तरी खड्ड्याशी बसले. तोंडाने रामरक्षा, हाताने तांब्या. ते पाणी वाया नको म्हणून चौकातल्या धुळीवरच शिंपडलं. सासूबाई पाठ करून बसल्या होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गाड्या यायला लागल्या आहेत. ऊन तटावरून उतरलं की पडदा. पुन्हा तालीम घ्यायला वेळ नाही. गवई गळ्याला फडकं गुंडाळून निजला आहे. सूर पोचला नाही तर ह्यांच्या तोंडाकडे बघू कशी? आणि पोचला, पण पूजेचं पाणी उपसल्याचं काही भलतंच घरावर आलं तर? देवापुढे दोनदा बसले. तुम्ही तरी हूं म्हणा. मी दरवाजाशी बसणार आहे, तिथेच, हात मांडीवर ठेवून.

हा कागद घडी घालून चोळीत ठेवते. तुमच्याकडे टपाल जात नाही. आणखी एक, ते लिहायचं टाळत होते. मधल्या मडक्यावर सासूबाईंनी नारळ ठेवला होता. ते मी उपसलं नाही. हात पुढे झालाच नाही. इथे कुणाला कळणार नाही, आबा. तुम्हाला पहिल्याच सुरात कळलं असतं.