शून्याखालची सही

सोमवार, ३
नोकरी लागली एकदाची! बोगद्यावर मोजणीदार. खोली कोरडी, उशी स्वतःची. काम सोपं आहे: मुख्य बोगद्याला जोडणाऱ्या अरुंद जोडबोगद्याच्या दोन भिंतींत समोरासमोर खिळे ठोकलेत. रोज सकाळी फीत ताणून अंतर वाचायचं, किती कमी झालं ते वहीत लिहून सही करायची. सही झाल्याशिवाय माणूस आत सोडत नाहीत. डोंगर पोखरला की त्याचा भार भिंतींवर येतो आणि त्या आत सरकू बघतात, असं साहेबांनी समजावलं. आज अंतर तीन मीटर. हात पसरून पाहिले, दोन्हीकडे बरीच जागा उरली. माझ्या शब्दावर मेहुण्यालाही ड्रिलवर घेतलंय. ही खूश आहे, एकुलता भाऊ तिचा.

गुरुवार, ६
आधीचा मोजणीदार न सांगताच गेला म्हणतात. चपला मात्र माझ्या कॉटखाली आहेत. त्याची वही चाळली. आकडा चाळीस मिलिमीटरवर, म्हणजे काम थांबवायच्या हद्दीवर, गेला की साहेब नवे खिळे ठोकायला लावायचे आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. डोंगर जणू कालच जन्मला. मी सगळी बेरीज केली. भिंती सव्वा मीटर आत आल्यात.

सोमवार, १०
आज एकेचाळीस. साहेब म्हणाले, खिळा सैल असेल, नवा ठोका. बेरीज खिशातच राहिली. ठोकला. शून्य लिहून सही केली. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुमची सही बघितली की मी बिनघोर आत जातो. लाज वाटली. तेवढीच.

बुधवार, १२
भिंतीत टकटक. दाबाखाली खडक वाजतोच, साहेब म्हणाले. सिमेंटचा लेप तडकलाय. फटीत जुन्या फितीचं टोक दिसलं. ओढलं. आतून कोणीतरी उलट ओढलं.

शुक्रवार, १४
एका दिवसात नव्वद. तरी शून्य लिहिलं. सहीही केली. ड्रिल तपासायला मेहुणा एकटाच पुढे गेला. मग राहवेना — त्याला परत आणायला धावलो. मागे छत बसलं.

शुक्रवार, आत
मेहुणा दिसत नाही. हाक येते — भावोजी — भिंतीच्या आतून. हिला काय सांगू —

हात पसरत नाहीत आता. कोपर टेकतात.

पाठ या भिंतीला, वही त्या —

फटीतून फितीचं टोक पुढे आलंय. मेहुणा आणि तो चपलांचा धनी, दोघं मिळून ढकलतायत. मोजा म्हणतात. आज खरं लिहितो. अंतर —